हायस्कुलांतील शेतकऱ्यांचीं मुलें आणि त्यांच्या धंद्याची निवड

मृगाच्या तोंडावर, वखरणी आटोपून शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, नेमक्या त्याच सुमारास त्याच्या घरीं दुसरीही एक पेरणी येऊन ठेपलेली असते. दहावीचा निकाल लागलेला असतो, मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं गुणपत्रक आलेलें असतें, आणि पुढें काय, या प्रश्नाचें उत्तर थोड्याच दिवसांत द्यावयाचें असतें. बियाणें घेतांना जो मनुष्य चार दुकानें हिंडतो, पिशवीवरील तारीख वाचतो, गेल्या सालीं तें वाण कोणाकडे कसें उतरलें याची चौकशी करतो, तोच मनुष्य मुलाच्या आयुष्याची पेरणी मात्र शेजारच्या मुलानें काय घेतलें एवढें पाहून उरकतो. ही गोष्ट आम्हांस पुष्कळ दिवसांपासून खटकत आली आहे, आणि म्हणून या अंकीं तिच्याविषयीं आमचे विचार सभासदांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या जून महिन्यांत नेवासें तालुक्यांतील एक सभासद आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. मुलास दहावीस बरे गुण पडले होते. वडिलांचा प्रश्न असा कीं, यास सायन्सला घालावें कीं कॉमर्सला? आम्हीं मुलालाच विचारलें, ‘बाळ, तुला काय करावेंसें वाटतें?’ मुलानें वडिलांकडे पाहिलें. वडील म्हणाले, ‘त्याला काय विचारतां? आम्ही सांगूं तें तो करील.’ पुढें बोलतां बोलतां असें कळलें कीं, विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर बिघडला म्हणजे हा मुलगाच तो खोलून नीट करतो, आणि वस्तीवरील चार-दोन लोक त्यास त्याकरितां मुद्दाम बोलावून नेतात. वडिलांस हें ठाऊक होतें; किंबहुना त्याचा त्यांस अभिमानही होता. परंतु या गोष्टीचा आणि मुलाच्या पुढील शिक्षणाचा कांहीं संबंध असूं शकेल, हें त्यांच्या मनांत कधीं आलेंच नव्हतें. तीन वर्षें डोळ्यांसमोर चाललेली परीक्षा त्यांनीं पाहिली नाहीं, आणि तीन तासांच्या परीक्षेचे गुण तेवढे पाहिले.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. धंद्याची निवड ही निकालानंतरच्या आठवड्याची गोष्ट नसून आठवी, नववी व दहावी या तीन वर्षांची गोष्ट आहे. ती नुसत्या गुणांवरून न करतां मुलानें प्रत्यक्ष काय करून पाहिलें यावरून करावी. आणि त्या निवडींत शेती हा मागें उरलेल्या मुलाचा वांटा न ठरतां, इतर धंद्यांच्या बरोबरीनें तोलून पाहण्याचा एक धंदा म्हणून मांडला जावा.

प्रथम जमिनीचा हिशेब पाहूं, कारण सर्व प्रश्नाचें मूळ तेथें आहे. शेतीच्या गणनेवरून पाहतां महाराष्ट्रांत 1970-71 सालीं दर खात्यामागें सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 सालीं ती 1.34 हेक्टरवर आली. म्हणजे आजोबाच्या दहा-साडेदहा एकरांचे नातवाच्या हातीं सवातीन एकर राहिले. ज्या घरीं दोन भाऊ आहेत तेथें पुढील वांटणींत प्रत्येकीं दीड-पावणेदोन एकर येईल. प्रवरेच्या किंवा गोदावरीच्या कालव्याखालील कोपरगांव, राहाता, श्रीरामपूर या भागांत एवढ्या जमिनीवर कसाबसा निभाव लागेल; परंतु जामखेड, कर्जत, पाथर्डी किंवा पारनेरकडील जिराईत माळावर दीड एकरांत दोन जनावरेंही नीट पोसलीं जाणार नाहींत. तेव्हां घरांतील सर्व मुलांनीं शेतीच करावी, असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें हा त्या मुलांशीं द्रोह होईल. पुष्कळांस शेती सोडून दुसरीकडे जावेंच लागेल. प्रश्न इतकाच कीं, जाणारा कोणतें कसब घेऊन जाणार, आणि राहणारा कोणत्या योग्यतेचा राहणार?

आज याची वांटणी कशी होते तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. दोन मुलांपैकीं जो हुशार तो नगरास किंवा पुण्यास शिकावयास जातो. जो गणितांत नापास होतो त्यास बाप म्हणतो, ‘जाऊं दे, शेती तर आहेच.’ या एका वाक्यांत आपल्या धंद्याचा जितका अपमान आहे तितका दुसऱ्या कोणीं केलेला नाहीं. आपल्याजवळील उत्तम बियाणें आपण बाजारांत विकतों आणि किडकें रानांत पेरतों. मग पीक पातळ आलें म्हणून दैवास दोष देतों. बैलाच्या शेपटीमागें चालण्यापुरती शेती होती तेव्हांही तिला अक्कल लागत होतीच. आजच्या शेतीस तर ती चौपट लागते. ठिबकांतून विद्राव्य खत सोडावयाचें तर किती लिटर पाण्यांत किती, हें त्रैराशिक यावें लागतें. माती-परीक्षणाचा कागद हातीं आला तर सामू आणि क्षारता म्हणजे काय हें कळावें लागतें. द्राक्ष किंवा डाळिंब परदेशीं पाठवावयाचें तर फवारणी व तोडणी यांमध्यें किती दिवस जावे लागतात आणि फळांत औषधाचा अंश किती राहिलेला चालतो, याची नोंद ठेवावी लागते. कांद्याचा भाव घोडेगांवीं काय, लासलगांवीं काय, आणि निर्यातीचा नियम बदलल्यास चाळींतील माल ठेवावा कीं काढावा, याचा निर्णय ज्यास घ्यावा लागतो तो मनुष्य व्यापाऱ्याहून कमी बुद्धीचा असून कसें चालेल?

आणि ज्या शास्त्राची ही सर्व फळें आहेत तें शास्त्र आपल्या जिल्ह्यांतच नांदत आहे. राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ 1968 सालीं स्थापन झालें. भगवा डाळिंब तेथून आलें. होल्स्टिन-फ्रिजियन, जर्सी व गीर या तिघींचें रक्त एकत्र आणून सिद्ध केलेली फुले त्रिवेणी गाय तेथलीच. आपल्या मुलांपैकीं कित्येक रोज एस. टी. नें त्या विद्यापीठाच्या दारावरून जातात. परंतु आंत शिकावयाचें तर बारावी विज्ञान शाखेंतून व्हावें लागतें, हें त्यांतील किती मुलांस दहावींत असतांना ठाऊक असतें? कला शाखेंत नांव घातल्यावर दोन वर्षांनीं एखादा मुलगा विचारतो, ‘मला बी. एस्सी. ॲग्री करावयाचें आहे, कसें करूं?’ तेव्हां त्यास दार बंद झाल्याचें सांगणें कोणास तरी भाग पडतें.

येथें दारांविषयींच दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण दहावीनंतरचे कांहीं रस्ते असे आहेत कीं, त्यांवरून दुसरीकडे वळतां येतें, आणि कांहीं असे कीं वळतां येत नाहीं. अकरावी विज्ञान घेतल्यावर पुढें कला किंवा वाणिज्य या शाखांकडे जातां येतें; कला घेतल्यावर विज्ञानाकडे येतां येत नाहीं. विज्ञानांतही गणित सोडलें तर इंजिनियरिंगचा मार्ग बंद होतो, आणि जीवशास्त्र सोडलें तर वैद्यकीचा. तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका दहावीनंतरच घेतां येते, आणि ती पुरी करणाऱ्यास इंजिनियरिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो. म्हणजे हा रस्ता आखूड असूनही पुढें मोकळा आहे. आयटीआयमध्यें वीजतंत्री, जोडारी, डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक हे एक-दोन वर्षांचे वर्ग आहेत, आणि 1961 सालच्या कायद्यान्वयें कारखान्यांत पगारी उमेदवारीची सोय आहे. शेतकीचीच दोन वर्षांची मराठी माध्यमाची कृषि तंत्र पदविका दहावीवर घेतां येते. ज्यास घरची शेती करावयाची आहे परंतु चार वर्षें बाहेर राहणें परवडणारें नाहीं, त्यास ही उपयोगी आहे. विज्ञान शाखेस आम्ही इतरांहून श्रेष्ठ मानतों असें कोणीं समजूं नये. ज्याचें मन भाषेंत, इतिहासांत किंवा कायद्यांत रमतें त्यानें बेलाशक कला शाखेंत जावें. आपल्या वस्तीवरील मुलांस चांगले वकील व चांगले शिक्षक होणें तितकेंच जरूरीचें आहे. परंतु कोणतें दार लोटून आपण आंत जात आहों आणि कोणतें आपल्या मागें लागत आहे, एवढें समजून-उमजून जावें.

2025 सालापासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यांत ऑनलाइन झाले, आणि मुलास दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम भरतां येतो. सोय झाली हें खरें. परंतु बटण दाबण्याचें काम तालुक्याच्या ठिकाणचा संगणकवाला करतो, आणि पसंतीही पुष्कळदां त्याचीच असते. सरकारनेंही या प्रश्नाचा विचार केला नाहीं असें नाहीं. 2016 सालीं दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू झाली. शेती, तांत्रिक, आरोग्य, वाणिज्य, कला, ललितकला व गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकीं मुलाचा ओढा कोठें आहे हें तीवरून पाहत. कांहीं वर्षें चालून ती थांबली. हेतु चांगला होता. परंतु ज्या मुलानें कधीं दुकानाची वही पाहिली नाहीं, दवाखान्याची मागली बाजू पाहिली नाहीं आणि घरच्या शेतींत हुकमाखेरीज कांहीं ऐकलें नाहीं, त्यास कागदावर ‘तुला काय आवडतें’ असें विचारून तो उत्तर तरी कशाच्या आधारावर देणार? चव घेतल्याशिवाय आवड कळत नाहीं.

हा विचार नवा नाहीं. जोतीराव फुले यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन ठेविलें त्यांत, प्राथमिक शाळांतील मुलांस मोडी-बाळबोध वाचन व हिशेब यांबरोबर शेतकीचें मूलज्ञान द्यावें व शाळांस लहान आदर्श शेतें जोडावीं, अशी मागणी केली होती. आणि तत्कालीन शिक्षण कारकून व पंतोजी घडविण्यापलीकडे जात नाहीं, हीही तक्रार केली होती. पुढें शेतकी खात्यानें पुण्याजवळ लोणी येथें मराठींतून शिकविणारी स्वतंत्र शेतकी शाळा काढली. परंतु 1928 सालीं ज्या रॉयल कमिशननें हिंदुस्थानच्या शेतीविषयीं आपला अहवाल दिला, त्यानें लोणीच्या धर्तीच्या वेगळ्या शाळांपेक्षां, नेहमींच्याच शाळेंत शेतकी हा एक विषय म्हणून ठेवण्याची पंजाबची पद्धति अधिक पसंत केली. यांतील मर्म आम्हांस फार मोलाचें वाटतें. शेतीसाठीं मुलगा वेगळा काढला कीं त्यावर ‘हा शेतीचा’ असा शिक्का बसतो आणि इतरांस शेतीचा गंध राहत नाहीं. सर्वांनीं थोडी शेती शिकावी, आणि मग ज्यास ती धरावयाची त्यानें धरावी, ज्यास सोडावयाची त्यानें सोडावी, ही रीत खरी.

अमेरिकेंत त्यांनीं हेंच निराळ्या तऱ्हेनें केलें. तेथें 1917 सालच्या कायद्यानें हायस्कुलांतून शेतकी शिकविण्यास सरकारी पैसा मिळूं लागला, आणि 1928 सालीं शेतकी शिकणाऱ्या मुलांचा देशव्यापी संघ निघाला. त्या शिक्षणाचा कणा म्हणजे घरचें काम: प्रत्येक मुलानें घरीं एखादें पीक स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावयाचें किंवा एखादें जनावर वाढवावयाचें, त्याचा जमाखर्च लिहावयाचा, आणि शिक्षकानें घरीं येऊन तें पाहावयाचें. जर्मनींत आजही शेतकरी होणें हा शिकून घेण्याचा धंदा मानला जातो. सुताराप्रमाणें वा गवंड्याप्रमाणेंच तीन वर्षांची उमेदवारी करून परीक्षा द्यावी लागते, आणि त्यांतील कांहीं काळ तरी परक्या शेतावर काढण्याची चाल आहे. बापाच्या शेतावर मुलगा फक्त बापाच्या सवयी शिकतो. दुसऱ्याच्या शेतावर तो धंदा शिकतो.

आतां आम्ही काय करावें म्हणतों तें सांगतों. ज्या सभासदाचा मुलगा किंवा मुलगी आठवींत गेली असेल, त्यानें तिला किंवा त्याला दहा गुंठे जमीन तोडून द्यावी. एक वही द्यावी. कांदा लावावयाचा असेल तर हेक्टरीं आठ ते दहा किलो बीं लागतें, म्हणजे दहा गुंठ्यांस किलोभर पुरे. हा हिशेबही मुलानेंच काढावा. बियाणें, खत, औषध यांचा खर्च पावतीवरून लिहावा. पाण्याच्या पाळ्या मोजाव्या. मजुरीचे दिवस लिहावे, आणि येथें आमचा विशेष आग्रह असा कीं, आईचे, बहिणीचे व स्वतःचे दिवसही चालू दरानें मजुरींत धरावे. माल विकल्यावर हमाली, तोलाई, भाडें वजा जातां काय उरलें तें शेवटच्या ओळींत मांडावें. उत्पन्न आलें तर तें मुलाच्या नांवें बँकेंत ठेवावें; तोटा आला तर बापानें रागें भरूं नये, कारण आपल्यालाही तो पुष्कळदां येतो, फक्त आपण वही ठेवीत नाहीं म्हणून तो दिसत नाहीं.

अशीं तीन सालें गेलीं म्हणजे दहावीच्या निकालाच्या दिवशीं घरांत दोन कागद असतील: एक गुणपत्रक आणि एक ही वही. एका मुलास शेवटच्या ओळीची गोडी लागलेली दिसेल. तो हिशेबाकडे जाईल. एकास पानावरील कीड पाहण्याचा छंद लागेल. तो शास्त्राकडे जाईल. एकास पंप, नळी आणि वीज यांतच रस वाटेल. आणि कदाचित एकास, हें आपलें काम नव्हे, इतकें स्वच्छ कळून येईल. तेंही कळणें लाभाचेंच. शेती न आवडतां शेतींत अडकलेला मनुष्य आणि शेती आवडत असतां लाजेनें ती सोडून गेलेला मनुष्य, असे दोन्ही आपण गांवोगांव पाहतों. दोघांचेंही जीवन त्या वहीनें वांचलें असतें.

शेतीप्रमाणेंच इतर धंद्यांचीही थोडी चव मुलास मिळावी. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटींत आठ दिवस त्यास दूध संकलन केंद्रावर, पशुवैद्याबरोबर, ट्रॅक्टरच्या गॅरेजांत, सोसायटीच्या सचिवाशेजारीं, औषधाच्या दुकानांत किंवा ओळखीच्या वकिलाकडे नुसतें बसवावें. यास पैसा लागत नाहीं. ओळख लागते, आणि ती आपल्यापैकीं प्रत्येकाजवळ आहे.

येथें दोन मोहांविषयीं इशारा दिला पाहिजे. पहिला स्पर्धा परीक्षांचा. 2024 सालच्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेस सुमारें 9 लाख 92 हजार अर्ज आले, आणि शेवटीं 1,009 जणांची शिफारस झाली. म्हणजे हजारीं एकाहून किंचित् अधिक. जे यशस्वी झाले त्यांचा गांवांत सत्कार होतो आणि तो व्हावाच. परंतु पुण्यांत खोली घेऊन पांच-पांच, सहा-सहा वर्षें बसलेले, ज्यांच्याकरितां बापानें म्हैस विकली व सोसायटीचें कर्ज काढलें, त्यांचे फ्लेक्स लागत नाहींत. दुसरा मोह वर्दीचा. आपल्या जिल्ह्यास सैन्याचा अभिमान आहे, आणि नगरास रणगाडा दलाचें केंद्र असल्यामुळें मुलांच्या डोळ्यांसमोर तें चित्र नित्य असतें. परंतु 2022 सालीं सुरू झालेल्या अग्निपथ योजनेच्या मूळ नियमाप्रमाणें भरती चार वर्षांची असून त्यांतील चतुर्थांशापर्यंतच जवान पुढें कायम व्हावयाचे आहेत. म्हणून या दोन्ही वाटांस जाऊं नये असें नव्हे. पण जातांना हातीं दुसरें कसब असावें. वाट चुकली तर परत येण्यास जागा ठेवूनच शहाणा मनुष्य घाट चढतो.

मुलींविषयीं वेगळें लिहावें लागतें हीच लाजेची गोष्ट आहे. याच नगर शहरांत मिस फॅरार यांच्या शाळेंत सावित्रीबाई फुले यांनीं शिक्षिका होण्याचे धडे घेतले. आणि आज पावणेदोनशें वर्षांनीं आपण आपल्या मुलीस दहावीनंतर काय शिकवावयाचें हें, कॉलेज एस. टी. च्या मार्गावर आहे कीं नाहीं व लग्न कधीं करावयाचें, या दोन गोष्टींवरून ठरवितों. 1994 सालीं महाराष्ट्रांत आणि 2005 सालीं सबंध देशांत कायदा बदलून मुलगी वडिलोपार्जित मिळकतींत मुलाप्रमाणेंच सहहिस्सेदार झाली. तेव्हां ती जमीनधारकही आहे. अकोलें तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेंत गेल्या नाहींत. तरी त्यांनीं देशी वाणांचें बियाणें सांभाळून तें शास्त्रज्ञांस पाहावयास यावें लागेल इतकें नांवारूपास आणलें, आणि 2020 सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. अशी बुद्धि ज्या घरांत आहे त्या घरच्या मुलीस दहा गुंठे व वही न देणें म्हणजे आपलेंच नुकसान करणें होय.

आतां एक कडू गोष्ट. वरील सर्व ऐकून एखादा हुशार मुलगा खुशीनें शेती पत्करील; आणि पंचविशीस आला म्हणजे त्यास मुलगी कोण देणार? शेतकऱ्याच्या मुलास मुली मिळत नाहींत हें गाऱ्हाणें प्रत्येक पारावर ऐकूं येतें. परंतु ह्या मुली नाकारतात कोण? आपणच. स्वतः शेतकरी असून आपण जांवई मात्र नोकरदार शोधतों, मग त्याची नोकरी शहरांत पंधरा हजारांची, भाड्याच्या एका खोलींतली कां असेना. आपल्या धंद्यावर आपलाच विश्वास नसेल तर तो मुलाच्या मनांत कोठून उतरावा? ज्या घरीं वही आहे तेथें सोयरिकीच्या बैठकींत ती पुढें ठेवतां येईल, आणि मुलीच्या बापासही पगाराच्या चिठ्ठीशीं तिची तुलना करून पाहतां येईल. ही तुलना शेतीच्या बाजूनें नेहमींच उतरेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण ती निदान आंकड्यांची होईल, तोऱ्याची नव्हे.

कांहीं सभासद विचारतील कीं, पंधरा वर्षांच्या पोरास एवढी समज कोठून, आणि त्यानें चुकीचें निवडलें तर? तो चुकेलही. म्हणूनच मागें मोकळ्या दारांविषयीं लिहिलें. शिवाय पहिली निवड म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे. हिवरे बाजारचे पोपटराव पवार यांनीं शिक्षण घेतलें वाणिज्याचें, ते एम. कॉम. झाले, क्रिकेटांत रमले, आणि 1989 सालीं गांवचे सरपंच झाले. त्या गांवांत पुढें पाण्याचा ताळेबंद मांडण्याची, म्हणजे पडलेला पाऊस पाहून कोणतीं पिकें घ्यावीं हें ठरविण्याची, रीत पडली. दुष्काळी गांव सावरलें, आणि 2020 सालीं त्यांसही पद्मश्री जाहीर झाली. हिशेबाचें शिक्षण पाण्याच्या कामीं आलें! शिकलेलें वायां जात नाहीं. वायां जातें तें न विचारतां, न पाहतां, केवळ लोकलज्जेनें घेतलेलें वर्ष.

तेव्हां आमची सूचना अशी आहे. प्रत्येक सभासदानें येत्या रब्बीपासून घरांतील आठवी ते दहावीच्या मुलांस दहा गुंठे नेमून द्यावे. ज्यांस तेवढेही देणें शक्य नाहीं त्यांनीं एक गाय, चार शेळ्या किंवा परसांतील दोन वाफे द्यावे. वही मात्र असावी. शाळेच्या मुख्याध्यापकांस भेटून, वर्षांतून एकदां सर्व पालकांच्या देखत या वह्या वाचल्या जाव्या, अशी विनंती करावी. आणि आपल्या संघानें जानेवारींत, म्हणजे परीक्षेच्या आधीं, निकालानंतरच्या गर्दींत नव्हे, तालुक्यांच्या ठिकाणीं एक दिवस ठरवून आयटीआय, तंत्रनिकेतन, कृषि विद्यालय व कॉलेज यांतील शिक्षकांस बोलवावें आणि मुलांनीं त्यांस हवे ते प्रश्न विचारावे. त्या दिवशीं पालकांनीं मागील रांगेंत बसावें आणि बोलूं नये.

नेवाशाच्या ज्या मुलाची गोष्ट आरंभीं सांगितली, तो आतां विद्युत् शाखेच्या पदविकेस आहे. सुटींत घरीं आला असतां त्यानें वडिलांच्या विहिरीवर मोटार किती वेळ चालते आणि किती वीज खाते याचें टिपण काढलें, आणि त्यावरून मोटार गरजेहून मोठी बसविली असल्याचें वडिलांस दाखविलें. वडील आम्हांस सांगत होते, ‘पंधरा वर्षें मीं तीच मोटार चालवली, पण कधीं लिहून नाहीं ठेवलं.’ त्यांस धाकटी मुलगी आहे. ती यंदा आठवींत गेली. तिचे दहा गुंठे विहिरीच्या कडेचे आहेत, आणि वहीचें पहिलें पान तिनें आम्हांस दाखविलें. ज्या सभासदांकडे अशा वह्या सुरू होतील त्यांनीं वर्षाअखेर शेवटच्या ओळीसह त्या आमच्याकडे पाठवाव्या. तोट्याच्या असल्या तरी चालतील. त्या या मासिकांतून छापण्यास आम्हांस आनंद वाटेल.